कोंगाचा काठ: धारदार की गोल?

"कातडं बदलताय तर काठाला जरा धार काढून द्या, आवाज खुलेल." ऑर्केस्ट्रात कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल, वाजवणारे मला हे हमखास सांगतात, आणि मी नाही म्हटलं की 'का?' विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितोय. काठ म्हणजे कोंगाच्या तोंडाची कड, जिच्यावर कातडं टेकतं.

धारेचा हा हट्ट ड्रमसेटवरून आलाय. तिथे काठ बहुधा 45 अंशांत तासलेला, वर प्लास्टिकचं पातळ पान, आणि वाजवायला काठी. पान काठाला जेमतेम टेकतं, म्हणून आवाज चकचकीत आणि लांब. कोंगावर म्हशीचं नाहीतर खेचराचं जाड कातडं असतं आणि वाजवायला हात. ओपन टोन, म्हणजे मोकळा घुमणारा ठोका, काढताना बोटांची मुळं नेमकी काठावरच येतात. जुन्या क्यूबन कोंगांना तर कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, सुरात आणायला ते आगीवर शेकायचे. वर कातडं ताणून धरणारी लोखंडी रिंग नव्हतीच, हात थेट काठावर. तिथे धार ठेवून वाजवणार कोण?

आता आवाजाचं. काठ गोल असला की कातडं त्यावर जरा जास्त रुंदीने टेकतं आणि कडेशी थोडं दबतं. या दबण्याचा मार आधी वरच्या उपस्वरांना बसतो, मूळ स्वराला कमी. म्हणून गोल काठाचा ओपन टोन भरीव आणि आटोपशीर. धारदार काठाचा मागे 'टंऽऽ' करत राहतो. रुम्ब्यात, म्हणजे क्यूबाच्या ढोल-गाण्याच्या नाचात, क्विंटो हा पुढे येऊन बोलणारा, उंच सुराचा कोंगा. त्याला गोलाई थोडी कमी चालते. तुंब्याला, म्हणजे खालच्या सुराच्या कोंग्याला, मी ती मुळीच कमी करत नाही. तळहाताचा बास मात्र काठावर फारसा अवलंबून नाही. तो पोटातल्या हवेचा, म्हणून कोंगा जमिनीवरून किंचित उचलला की लगेच मोकळा होतो.

गोल म्हणजे सपाट नव्हे, हेही सांगायला हवं. मी सर्वांत उंच रेषा आतल्या बाजूला ठेवतो आणि तिथून बाहेर उतार देतो. माथा सपाट राहिला तर कातडं लाकडाला घासत थरथरतं. सतारीची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा, मुद्दाम तशी करतात. कोंग्यात तीच झणझण नकोशी होते.

आणि खरं सांगू? निम्म्या तक्रारी आकाराच्या नसतातच. काठ एका पातळीत नसतो. कातडं काढून कोंगा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा घाला, दिवे मालवा आणि वर आलेल्या बुडाच्या भोकातून आत टॉर्च मारा. जिथून उजेड गळतो तिथे खड्डा आहे. मग ओट्यावर सँडपेपर चिकटवून कोंगा त्यावर फिरवत राहायचं. काठावर आधी पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. ती सगळीकडून पुसली गेली की पातळी आली. गोलाई त्यानंतर हाताने, आणि शेवटी काठावर मेणबत्ती घासायची, म्हणजे कातडं ताणताना अडकत नाही.

हात दुखतो म्हणून काठ बदलायला आणणाऱ्यांना मी आधी रिंग बघायला सांगतो. ती कातड्याच्या वर आली असेल, तर काठ कितीही गोल केला तरी बोटं लोखंडावरच आपटणार.