आमची वाटचाल : उन्हाळा आणि क्रीम

आटपाडीत वडिलांनी दूध संकलन केंद्र काढलं तेव्हा यंत्र एकच, दुधातून क्रीम वेगळं काढणारा, हातानं फिरवायचा सेपरेटर. त्याच्या दांड्याला घंटी असते. वेग पुरेसा आला की ती वाजायची थांबते, मगच दुधाची तोटी सोडायची. आज मोटरवरचा सेपरेटर आहे, तरी त्याच्या बाऊलमधल्या, म्हणजे आतल्या फिरत्या भांड्यातल्या तबकड्या मी स्वतः धुतो आणि नंबरवारी लावतो. मांडणी चुकली की फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, क्रीम काढून उरलेल्या दुधात (स्किममध्ये) जाते, आणि उन्हाळ्यात ती फॅट कुठून भरून काढणार?

म्हशी पावसाळा-थंडीत वितात, मार्च उजाडला की गोठे भाकड. उन्हाच्या तडाख्यानं गाईच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) दोन्ही उतरतात. मागणी मात्र तेव्हाच: पाडव्याचं श्रीखंड, लग्नसराई, आइस्क्रीम. 6 टक्के फॅटच्या 100 किलो दुधातून 40 टक्के फॅटचं क्रीम जेमतेम 15 किलो निघतं. फॅट 5.2 लागली की 13 वर.

2013 च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध निम्म्यावर आलं. त्याच एप्रिलात एका मोठ्या डेअरीचा टँकर गावात यायला लागला. लिटरमागे दोन रुपये जादा, तेही रोख. वडिलांच्या काळापासूनचे उत्पादक तिकडे वळले. त्यांना मी बोल लावत नाही, पेंडीची उधारी त्यांच्या डोक्यावर होती. राग आहे तो त्या डेअरीवर. पाऊस झाला, म्हशी व्याल्या, दूध वाढलं, तसं ‘फॅट लागत नाही’ म्हणत त्यांनी दर पाडले आणि दिवाळीआधी टँकरच बंद केला. ते सगळं दूध आमच्या दारात आलं. एकाचाही कॅन आम्ही परत पाठवला नाही.

मधले महिने आम्ही तरलो ते मिरजेच्या आइस्क्रीमवाल्या अण्णांमुळे. दूध गार ठेवायची मोठी टाकी, बल्क कूलर, अर्धा रिकामा, कर्जाचे हप्ते थकलेले. अण्णांना सात कॅन क्रीम लागायचं, आम्ही कसेबसे दोन देत होतो. लोणी-भुकटीवर त्यांचं सगळंच भागलं असतं. पण म्हणाले, “तुझ्या क्रीमला आंबूस वास नसतो. जेवढं निघेल तेवढं पाठव.” आणि दिवाळीपर्यंतची उचल हातावर ठेवली.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो, वर्षभर एकच भाव असा करार करू नका. थंडीचा आणि उन्हाळ्याचा वेगळा लिहून घ्या. जानेवारीतलं जादा क्रीम उणे 18 अंशांवर गोठवा. ते फेटायला चालत नाही, आइस्क्रीमच्या मिक्सला चालतं. आणि गर्बर, म्हणजे फॅट मोजायची चाचणी, उत्पादकासमोरच करा: 10 मिली ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल. नळीवरची फॅट त्यालाच वाचू द्या. टँकरवाल्यानं ती कधी कुणाला दाखवली नाही.

अण्णांचा कारखाना आता त्यांचा मुलगा बघतो. भर मे महिन्यातही त्याला सातही कॅन पोचतात.