तिला धीट करायची घाई नको

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा परत तेच, की लेक व्हिडिओ कॉलवर कुणाशी बोलत नाही, एवढी बुजरी कशी, जरा धीट करा तिला. मला ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही राहतो तिथे, बर्लिनमध्ये, मुलाला बालवाडीच्या दारात सोडून निघून यायचं नसतं. आईबाबांपैकी एकाने आत कोपऱ्यात बसायचं, पहिले तीन दिवस तासाभराने मुलाला घेऊन घरी. चौथ्या दिवशी पहिल्यांदा त्याला सांगून आपण काही मिनिटं बाहेर जायचं, आणि बाईंच्या जवळ ते शांत झालं नाही तर लगेच परत आत. पुढचं सगळं मुलावर, कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन. आमच्या लेकीने सुरुवातीला जॅकेटसुद्धा काढू दिलं नाही, खिडकीपाशी चिकटून उभी. बाईंनी नाव विचारलं नाही, हाक मारली नाही, जवळच जमिनीवर बसून लाकडी गाड्या लावत राहिल्या, एक गाडी मात्र तिच्या पायापाशी ठेवली. बऱ्याच वेळाने हिने ती बुटाने हळूच पुढे ढकलली. मला रडूच आलं.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून काही मुलं तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत अभ्यासली. त्यातली साधारण १५ टक्के मुलं अशीच, नवीन काही आलं की आधी मागे सरणारी आणि सवडीने रुळणारी. हा जन्मजात स्वभाव, वळण लावायचं राहिलं असं नाही. त्यांचं म्हणणं, स्वभाव आणि भोवतालची माणसं यांचा मेळ बसला की मूल छान वाढतं. घरी आमची अखंड बडबडते. घरीही बोलत नसती, हाकेला वळत नसती तर मीच डॉक्टर गाठला असता.

आणि हे सगळं जर्मन लोकांकडूनच शिकायला हवं असंही नाही. गोव्यात डिचोलीला आमच्या सोप्यावर आजीच्या मांडीत बसून मूल अख्खा वाडा बघत बघतच माणसांना सरावतं, इथे ती मांडी नाही म्हणून नियम करावा लागतो. आपल्याकडे बालवाडीत रडणारं मूल आत ओढून दार लावतात ते मात्र मला पटत नाही, एकट्या बाईच्या अंगावर एवढी मुलं असतात हे कळूनही नाही. परदेशात राहून पोरीला माणसांपासून तोडलं असं कुणी म्हणालं, तर तिला हवा तेवढा वेळ इथे मिळाला हे मी ठामपणे सांगेन.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावी येतोय. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना तिला शेजारी बसू द्या, हातात चार सुपाऱ्या द्या आणि आपलं काम चालू ठेवा. "गाणं म्हणून दाखव", "पापी दे" असलं काही पहिले दोन-तीन दिवस तरी नको, ती आपणहून येईल.