सर्वे न्हवं ओ, फोटो!

बेळगावच्या आसपास ट्रायपॉड ही कॅमेऱ्याची वस्तू नाही, सरकारी वस्तू आहे. तीन पायांवर काहीतरी उभं करून, त्याला डोळा लावून शेताकडं बघणारा माणूस एक तर रस्त्याचा असतो, नाहीतर कालव्याचा, नाहीतर धरणाचा. आणि तिघांपैकी कुठलाही असला तरी तो पुढं काहीतरी घेऊन जाणार, हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मला मात्र लग्न होऊन या भागात फिरायला लागल्यावर कळलं.

माझं सासर बेळगावात, टिळकवाडीत. आम्ही राहतो पुण्यात, पण सुट्टी मिळाली की गाडी दक्षिणेला वळते. मी लँडस्केप काढते. नवऱ्याला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. तो गाडी चालवतो, ट्रायपॉड वाहतो आणि लोकांशी बोलतो. तिसरं काम सगळ्यात अवघड आहे. ते त्याच्याशिवाय झालंच नसतं, कारण माझं सदाशिव पेठी मराठी ऐकलं की समोरचा माणूस आणखी सावध होतो.

फोटोसाठी हा जिल्हा किती श्रीमंत आहे हे पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊकच नाही. ते गोव्याला जाताना चोर्ल्याच्या घाटात धबधब्यासमोर हात पसरून उभे राहतात आणि पुढं निघून जातात. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचं सदाहरित जंगल आणि खानापूरची तांबडी माती, मध्ये बेळगावभोवतीची भातशेती, पूर्वेला गोकाकचे वालुकाश्माचे कडे आणि अथणीकडची काळी रानं. कणकुंबीत पाऊस थांबत नाही म्हणून लोक वैतागलेले असतात आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एका दिवसात गाडीनं पार करता येईल एवढ्या अंतरात उजेडाचा रंग बदलतो. पश्चिमेला ऊन पानांतून गाळून येतं, पूर्वेला सरळ डोळ्यात घुसतं.

कणकुंबीला जुलैत गेलो होतो. मलप्रभा तिथं माउलीच्या देवळाजवळ उगम पावते. जळवा लागल्या, लेन्सच्या आत वाफ धरली, कॅमेरा बॅगेतच राहिला आणि नवऱ्यानं तीन कप चहा प्यायला. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटकाचं जे भांडण आहे, त्यातला कळसा कालवा इथलाच, त्यामुळं ट्रायपॉड उघडायची हिंमतही झाली नाही. हलशीला आणि देगावला हिवाळ्यात गेलो. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. देगावचं कमलनारायणाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या राणी कमलादेवीनं बांधवलेलं. भिंतीवरची जाळी आणि खांब बघत मी दुपारभर बसले असते, पण नवऱ्याला भूक लागली होती आणि देगावात खानावळ नाही. असो.

सांगायचं आहे ते बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवाराबद्दल.

नोव्हेंबरची सकाळ. बेळगावचं वडगाव सोडलं, मागचा यंत्रमागांचा खडखडाट कमी झाला आणि दोन्ही बाजूंनी भात सुरू झालं. अर्ध्या शेतांत कापणी झालेली, अर्धं पीक उभं. गुडघाभर धुकं आणि त्याच्यावर तरंगणारा राजहंसगड. हा तोच गड, जिथं 2023 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांच्या एकाच पुतळ्याचं आठवड्याच्या आत दोनदा अनावरण झालं, एकदा एका पक्षानं आणि एकदा दुसऱ्यानं. पण लांबून, धुक्यात, गडाला पक्ष नसतो. मला तेवढंच हवं होतं. बांधावर ट्रायपॉड लावला, फिल्टर चढवला आणि सूर्य वर यायची वाट बघत उभी राहिले.

सूर्याच्या आधी माणसं आली. पहिल्यांदा एक बाई, हातात विळा. मग दोन पुरुष, मग मोटारसायकलवरून एक तरुण, आणि त्याच्या मागोमाग आणखी कोण कोण. कुणी ओरडलं नाही. सगळे आमच्याभोवती उभे राहिले, एवढंच.

"काय करायलासा?" बाईंनी विचारलं.

"फोटो काढायलोय मावशी," नवरा म्हणाला.

"कसला फोटो? सर्वे काय?"

"सर्वे न्हवं ओ, फोटो. गडाचा. बायकोला नाद हाय."

"फोटोच काढत्यात आधी," मागचे एक काका शांतपणे म्हणाले. "जेसीबी मागनं येतोय."

हलगा-मच्छे बायपास याच शिवारातून जातो. तिथल्या शेतकऱ्यांची लढाई किती वर्षं चालली, किती वेळा कोर्टात गेली आणि उभ्या पिकात यंत्रं घुसली तेव्हा लोक कसे आडवे पडले, हे बेळगावात कुणालाही विचारा. सासूबाई वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पण वाचणं वेगळं आणि विळा घेतलेल्या बाईसमोर बांधावर उभं राहणं वेगळं. जमीन कसली आहे तेही त्याच दिवशी नीट कळलं. बळ्ळारी नाल्याचं पाणी चढून पावसाळ्यात भात बुडतं, तरी हे लोक पुन्हा रोप लावतात. भात निघालं की मातीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पाणी द्यावं लागत नाही. बेळगावची मसूर पुण्यातल्या दुकानात वेगळ्या डब्यात, वेगळ्या भावानं ठेवतात ती याच काळ्या रानातली. मावशींनी खाली वाकून ढेकूळ उचललं आणि माझ्या हातात दिलं. "दाबून बघा," म्हणाल्या. दाबलं तर बोटांना ओल लागली. नोव्हेंबरात.

मी स्क्रीन दाखवली. धुकं, गड, वर गुलाबी आभाळ. खरं सांगते, त्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला फोटो. सगळ्यांनी माना आत घातल्या.

"ह्यात आमचं शेत कुठलं?"

मी झूम केलं. मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. हा बांध कुणाचा, ती जांभळ कुणाच्या हद्दीत, धुक्यातनं जो काळा ठिपका दिसतोय ती कुणाची गंजी. दोन काकांचं एका बांधावरून जुनं भांडण होतं, ते माझ्या तीन इंचांच्या स्क्रीनवर पुन्हा पेटलं. नवरा मध्ये पडून दोघांनाही "होय की" म्हणत होता. तोवर सूर्य वर आला, ज्या उजेडासाठी पहाटे साडेचारला उठले होते तो आला आणि गेलाही, आणि माझा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. चिडचिड झाली. झाली म्हणजे झालीच, खोटं कशाला बोलू?

मग तो मोटारसायकलवाला तरुण म्हणाला, "म्याडम, ह्या फोटोवर तारीख येते काय?"

येते म्हटलं. फाईलमध्ये तारीख, वेळ सगळं असतं.

"मग आमाला एक फोटो द्या. पीक उभं हाय म्हणून दाखवायला. ते म्हणत्यात जमीन पडीक हाय." जरा थांबून पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. "पण हा न्हवं. ह्याच्यात धुकं हाय. पीक दिसंना झालंय."

लँडस्केप काढणाऱ्याला धुकं म्हणजे देवाची देणगी. नको ते झाकतं: विजेचे खांब, प्लास्टिक, लांबचं बांधकाम. इथं त्या माणसाला जे दाखवायचं होतं नेमकं तेच माझ्या सुंदर फोटोत झाकलेलं होतं. मी पुन्हा पुन्हा ते चित्र बघितलं आणि ते मला पहिल्याइतकं आवडेना.

साडेनऊपर्यंत थांबलो. ऊन डोक्यावर, सावल्या आखडलेल्या, कॅमेरा घेऊन कुणीही शहाणा माणूस घराबाहेर पडणार नाही असा उजेड. तो पुढं चालत होता आणि मी काढत होते: ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, ओंब्या जवळून, मागं गड दिसेल असं, सर्वे नंबरचा दगड दिसेल असं. "हितनं घ्या. आता हितनं." आयुष्यात एवढं काटेकोर दिग्दर्शन मला कुणी केलेलं नाही. मध्येच मावशी घरी जाऊन आल्या आणि भाकरी, लाल चटणी आणि मसुरीची आमटी घेऊन आल्या. नको म्हणायची सोय नव्हती. सकाळी ज्यांनी आम्हाला घेरलं होतं त्यांच्याच घोंगड्यावर बसून जेवलो. पाहुणचाराबद्दल मला एरवी जरा शंका असते, कारण तो पुष्कळदा कौतुक करवून घ्यायला असतो. इथं कुणी जेवण कसं झालंय हेसुद्धा विचारलं नाही. जेवलो, हात धुतले, आणि तरुण म्हणाला, "आता पल्याडचं दोन गुंठं राहिलंय."

फोटो त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवले, मूळ फाईलींसकट. धुक्याचा फोटोही पाठवला. त्यावर काही उत्तर आलं नाही. बाकीच्यांवर अंगठा आला.

गोकाकबद्दल फार लिहीत नाही. घटप्रभा बावन्न मीटर खाली कोसळते, कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, शेजारी एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी आणि वर झुलता पूल. ऑगस्टमधलं पाणी मातकट लाल असतं, ते फोटोत निळं करू नये, असं माझं मत आहे. पण रविवारी तिथं जाऊ नका. कड्याच्या अगदी टोकावर पाय सोडून सेल्फी काढणारी पोरं बघून माझा जीव अर्धा झाला आणि फवाऱ्यानं भिजलेली लेन्स पुसण्यात उरलेला गेला. करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, मात्र घेतलं. पेट्या दोन घेतल्या, टिळकवाडीला पोचेपर्यंत एक उरली. नवऱ्याला विचारा.

आता हिडकल. घटप्रभेवरचं हे धरण सत्तरच्या दशकातलं. त्यात जुनं हुन्नूर बुडालं. गाव वर सरकलं, दगडी विठ्ठल मंदिर तिथंच राहिलं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हळूहळू वर येतं आणि मग त्याचे फोटो सगळीकडं फिरायला लागतात. मीही त्यासाठीच गेले होते, मे महिन्यात, संध्याकाळच्या उजेडात, चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतवत. मंदिर आहे तसं खूप फोटोजेनिक. भोवती भेगाळलेली राखाडी माती, पलीकडं पाण्याची पट्टी, दगडांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा. पण लोकांची गर्दी, त्यांच्या चपला, शीतपेयाच्या बाटल्या. फ्रेममधून माणसं जायची वाट बघत उभी होते.

एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. नवऱ्याशी कानडीत, माझ्याशी मोडक्या मराठीत. ट्रायपॉडकडं काठी करून हसले. ते पोरवयाचे होते तेव्हा असंच तीन पायांचं घेऊन साहेब लोक आले होते म्हणे. पोरं मागं मागं पळायची, साहेब त्यांना दुर्बिणीतून बघू द्यायचे. गंमत वाटायची.

"देवळाचा काढू नका," ते म्हणाले. "सगळे तेच काढतात. हिकडं काढा."

हिकडं म्हणजे देवळाकडं पाठ करून. तिथं काही नव्हतं. चिखल, चिखलात रुतलेले काही दगड, एक वाळकं खोड. त्यांनी काठीनं दाखवायला सुरुवात केली. हा दगड म्हणजे जोत्याचा कोपरा. इथून तिथपर्यंत आमचं घर. ते चुलत्याचं. ती वाट ओढ्याकडं जायची. नवरा भाषांतर करता करता मध्येच गप्प झाला, मला वाटलं शब्द अडला. अडला नव्हता. त्याच्या आजोळची शेतीही कुठल्याशा तलावात गेली आहे, एवढं मला माहीत होतं. त्याबद्दल आमच्या घरी कधी कुणी बोलत नाही.

मी काढला. रुंद फ्रेम, जमिनीपासून फूटभर उंचीवरून, सगळे दगड येतील असा. फोटो म्हणून त्यात काहीही नाही. स्पर्धेला पाठवला तर पहिल्या फेरीत बाद होईल आणि परीक्षकाची चूकही नसेल. आजोबांनी स्क्रीन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघितली आणि "कागदावर पाहिजे" म्हणाले.

दहा बाय बाराचा प्रिंट काढला, दिरांच्या हातून पाठवला. आठवड्यानं नवऱ्याच्या मोबाईलवर फोन. मला वाटलं आभार मानायला असेल. स्पीकरवर टाकला. पलीकडं आजोबा, आवाज चढलेला, कानडीत भराभर काहीतरी.

"काय म्हणतायत?"

"उजव्या बाजूला विहीर होती म्हणतायत. ती तू कापलीस."

मी लॅपटॉप उघडून मूळ फाईल बघितली. उजवीकडं फ्रेम संपते तिथं दगडांचा एक अर्धा गोल आहे. मी तो कचरा समजून बाहेर ठेवला होता.

आता पुढच्या मेमध्ये पुन्हा जायचं आहे. पाणी तेवढं उतरलं तर. वळवाचा पाऊस लवकर लागला तर विहीर दिसायची नाही, असंही आजोबांनी बजावलंय, आणि येताना मोठी लेन्स आणा म्हणालेत.