"फॉरमॅट मारावं लागेल, ताई"

हे वाक्य, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल असं, आता कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी एकच प्रश्न विचारते, "कशामुळे?" उत्तर आलं तर पुढे बोलायचं, नाहीतर सीपीयू उचलून घरी यायचं. घरचा कॉम्प्युटर स्लो झाला तर काय करावं, असं मला बऱ्याच जणी विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. अर्धा राग अजून उतरलेला नाही, तो मध्येमध्ये दिसेल.

मी अमळनेरला राहते. शाळांच्या आणि क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करून देते. शिवाय घरचे फॉर्म, शेताचा सातबारा, पीक विम्याच्या पावत्या, सगळं त्याच एका मशीनवर. कॉम्प्युटर कंपनीचा, विंडोज १० त्याच्यासोबतच आलेलं. सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), एक टीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा झकास चालायचा. मग हळूहळू असं झालं की बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन यावं, तरी गोल चक्र फिरतंच आहे. वर्डमध्ये ओळ लिहून झाली की मग तिची अक्षरं एकेक करून पडद्यावर येणार. वार्षिक परीक्षांच्या दिवसांत हे सहन होत नाही हो.

घरच्या घरी जे करण्यासारखं होतं ते मी आधी केलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअप नावाचा भाग असतो. कॉम्प्युटर सुरू होताच कोणकोण आपणहून उठून बसतं, त्याची ती यादी. प्रिंटरवाल्यांचं काहीतरी, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, वनड्राइव्ह, कधीकाळी टाकलेला म्युझिक प्लेअर. लागत नाही ते डिसेबल केलं. डिसेबल म्हणजे पुसलं जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. अँटिव्हायरस तेवढा राहू द्या, पण एकच. दोन असतील तर प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसतात.

सी ड्राइव्ह गच्च भरला होता. सेटिंग्जमध्ये स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स, तिथून बराच कचरा निघाला. त्याच यादीत डाउनलोड्सचं फोल्डरही दिसतं, त्यावर टिक करू नका. मुलांची मार्कशीट नेमकी तिथेच असते. झाकण काढून धूळही साफ केली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. रंगकामाचा कोरडा ब्रश घ्यायचा आणि साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

या सगळ्याने फरक पडला, पण उन्नीस-बीसचाच. कारण त्याच टास्क मॅनेजरमध्ये मला दुसरंच दिसत होतं. प्रोसेसर निवांत होता, मेमरी बऱ्यापैकी भरलेली, आणि डिस्कच्या रकान्यात लाल रंगात १०० टक्के. काही उघडलेलं नसतानाही. पाच मिनिटं थांबलं तरी १००. हे मी मोबाईलवर फोटो काढून ठेवलं. तो फोटो घेऊनच आम्ही जळगावला गेलो.

आता दुकान. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही, असं दुकान प्रत्येक गावात एक तरी आहे.

सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला, धरणगावचे खड्डे सोसत नेला. काउंटरवरच्या भाऊने झाकण उघडलं नाही, मशीन सुरूसुद्धा केलं नाही. "किती वर्षं झाली?" विचारलं आणि लगेच निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल, ताई. आणि रॅम वाढवा." मी फोटो दाखवला. म्हटलं, भाऊ, डिस्क शंभर दाखवतंय, हार्ड डिस्क तेवढी तपासून घ्या. तो फोटोकडे बघून म्हणाला, "ते सगळ्यांचंच दाखवतं."

कधी मिळेल विचारलं तर, "व्हई जाई ताई, सकाय या." म्हणजे होऊन जाईल, उद्या या.

तो "सकाय" उजाडेचना. फोन लावला तर उचलायचे नाहीत. उचलला तर मुलगा बाहेर गेलाय, मुलगा आला तर तुमचं विंडोज चाललंय, विंडोज झालं तर ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स, बाकी. मी घरी मोबाईलवर बोटाने प्रश्नपत्रिका टाईप करतेय, मुख्याध्यापकांचे फोन येताहेत, आणि तिकडे माझा सीपीयू दुकानात जमिनीवर दुसऱ्यांच्या सीपीयूंच्या रांगेत उभा. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण शेवटी न सांगता जाऊन थडकले. मी गेले त्या दिवशी तो सुरूच झालेला नव्हता. "चाललंय" म्हणून सांगितलेलं विंडोज बंद मशीनमध्ये चाललं होतं!

मग मी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, आता घेऊनच जाते. बसल्या बसल्या दुकानाचं काम बघितलं ते बरं झालं. एक शिक्षक लॅपटॉप घेऊन आले, "फॉरमॅट मारावं लागेल, सर." एक आबा आले, त्यांच्या नातवाचा कॉम्प्युटर, "फॉरमॅट मारावं लागेल, आबा." एकाचंही मशीन सुरू करून पाहिलं नाही. सगळ्यांना एकच पेनड्राइव्ह लावायचा आणि त्यात तयार करून ठेवलेलं विंडोज ओतायचं. सकाळपासून मशिनं वाढली की पेनड्राइव्ह इकडून तिकडे फिरत राहतो, मग उशीर होणारच.

घरी आणून बघितलं तर रॅम आठ जीबी झाली होती. खोटं बोलणार नाही, ती खरी होती. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती रॅम, किती स्लॉट वापरात, सगळं लिहिलेलं दिसतं. दुकानातून आल्यावर हे प्रत्येकाने बघावं, आणि नेण्याआधीचा फोटो काढून ठेवावा. पण विंडोज? माझ्या मशीनला होम एडिशनचं अधिकृत लायसन्स आहे, पैसे भरून घेतलेलं. यांनी त्यावर प्रो एडिशन मारून क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता चोरून चालवलेलं. अपडेट बंद करून ठेवलेले. वर बक्षीस म्हणून मुदतीचा अँटिव्हायरस, "ड्रायव्हर अपडेटर", दोन व्हिडिओ प्लेअर आणि ब्राउझरमध्ये कुठलंतरी भलतंच सर्च. मी जी स्टार्टअपची यादी रिकामी केली होती, ती आधीपेक्षा लांब होऊन परत आली.

आणि फॉन्ट गेले. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या. फायली मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. पण फॉन्ट नसेल तर त्या फायली उघडून काय दिसतं? इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा" याच्या जागी वाचताच येणार नाही असं काहीतरी. दुकानात फोन केला तर म्हणे, "फॉन्ट आमच्या बिलात नाही येत." मराठी टायपिंग करणाऱ्यांनो, फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर कॉपी करून ठेवा. डेस्कटॉपवरच्या फायलीही सी ड्राइव्हवरच असतात, हे दुकानवाला सांगत नाही. माझे फॉन्ट एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर सापडले, ती धुळ्याला हेच काम करते.

थोडे दिवस मशीन जरा हललं. मग पुन्हा तेच. डिस्क १००. परत गेले तेव्हा त्याच भाऊंनी नवा निकाल दिला, "मदरबोर्ड जुना झाला ताई, नवीनच घ्या, एक्स्चेंजमध्ये बघतो." मी विचारलं, मदरबोर्ड तपासला का? "ताई, आम्ही रोज हेच करतो." त्यानंतर मी काही बोलले नाही. मशीन उचललं. त्या दिवशी मंगळवार होता, अमळनेरकडे येणाऱ्या गाडीत आमच्या मंगळग्रह मंदिराच्या दर्शनाची गर्दी, आणि त्या गर्दीत मी सीपीयू मांडीवर धरून बसलेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे हो, देव आहे का? मी म्हटलं, हो, नवसाला न पावणारा.

त्याच रात्री क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं. हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ते फक्त वाचून दाखवतं. निळं "गुड" म्हणजे ठीक. माझं पिवळं, "कॉशन". खाली रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्सचा आकडा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा सोडून तिने राखीव जागा वापरायला घेतल्या होत्या. जे दुकानाला इतक्या दिवसांत बघायला सवड झाली नाही, ते दोन मिनिटांत दिसलं.

पिवळं दिसलं तर बाकी सगळी कामं सोडून आधी डेटा दुसरीकडे काढा. वेगाचं नंतर बघू.

आणि निळं असलं तरी ऐका. साध्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची चकती फिरते, डेस्कटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ७२०० फेरे, लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ५४००. तिच्यावर सुई पुढे-मागे सरकून वाचते. विंडोज १० एकाच वेळी शेकडो बारीक फायली मागतं आणि सुई बिचारी एकच. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात चकती नाही, सुई नाही. चांगली हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, हार्ड डिस्कच्याच वायरींना लागणारी साधी (साटा) एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि बारीक फायलींच्या बाबतीत तर तुलनाच नाही. म्हणून जुन्या मशीनला पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. मला उलट्या क्रमाने घालायला लावले.

२५६ जीबीची एसएसडी मागवली आणि बसवली मीच. हो, मीच. जेवणाच्या टेबलावर, सासरे शेजारी टॉर्च धरून. लाइटची पिन काढायची, सीपीयूच्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवायची, जुन्या डिस्कच्या दोन वायरी काढून नवीनला लावायच्या. एक पातळ, एक रुंद. उलट्या बसतच नाहीत. डेस्कटॉपची जागा मोठी आणि एसएसडी लहान, त्यासाठी पट्टी मिळते.

पेनड्राइव्हवर विंडोज भरून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आहे, आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, तो आधी पूर्ण रिकामा होतो. जुनी डिस्क या वेळी लावायची नाही, नाहीतर विंडोज सुरू होण्याच्या फायली तिच्यावर जाऊन बसण्याची शक्यता असते. विंडोजने मला लायसन्सचा नंबर विचारला नाही, होम की प्रो हेही विचारलं नाही. विंडोजसोबत आलेल्या कंपनीच्या मशीनमध्ये लायसन्स मदरबोर्डमध्येच लिहिलेलं असतं, त्याने ते वाचलं आणि नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेटेड असं दाखवलं. क्रॅक कशासाठी केला होता, हे त्या भाऊंनाच ठाऊक. पहिल्या दिवशी अपडेट येत राहतात, तेव्हा मशीन थोडं जड वाटतं. रात्रभर चालू ठेवा आणि मग मत बनवा. पहिल्यांदा डेस्कटॉप झटकन समोर आला तेव्हा सासरे म्हणाले, "बंद पडला का काय?" त्यांना वाटलं काहीतरी राहिलं.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. एसएसडीला डीफ्रॅग करणारं, म्हणजे डिस्कवरचे विखुरलेले तुकडे जुळवणारं, वेगळं सॉफ्टवेअर लावू नका, विंडोज तिची काळजी आपणहून घेतं. "पीसी बूस्टर", "रॅम क्लीनर" असलं काही टाकू नका, तेच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतं. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्यात जोडलेली छोटी सॉफ्टवेअर्स, वर्षातून एकदा तरी बघा. लॅपटॉपची रॅम वेगळी, छोटी असते, आणि रॅमच्या पिढ्या वेगळ्या, डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरचा तोच फोटो सोबत न्या. दुकानात ठेवावंच लागलं तर पावतीवर डिस्कचा नंबर लिहून घ्या आणि लायसन्स कोणतं आहे तेही. लिहून द्यायला कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा. जळगावात दुकानांचा तुटवडा नाही, आणि त्यातली चांगलीही आहेत, मला रॅम-एसएसडीचं नीट समजावून सांगणारा मुलगा तिथलाच.

एक गोष्ट मात्र एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, माझा सहाव्या पिढीचा. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं; मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. मी नोंदवलंय. पुढे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकायचा विचार आहे, पण त्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून त्यात मराठी टायपिंग आणि प्रिंटर जमतात का ते बघणार. सासऱ्यांनी टॉर्चचे सेल बदलून ठेवलेत.