‘किमान एक’ म्हणजे नेमके किती?
संभाव्यतेच्या शालेय उदाहरणांत आकडेमोडीपेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे माझे ठाम मत आहे. दोन फासे एकाच वेळी टाकले असता ‘किमान एका फाशावर ६ येणे’ या घटनेत दोन्ही फाशांवर ६ येण्याची शक्यताही सामावलेली असते. त्यामुळे ३६ निष्पत्तींपैकी ११ अनुकूल ठरतात. ‘नेमक्या एकाच फाशावर’ म्हटले, की मात्र १० उरतात. अनेक विद्यार्थी १/६ आणि १/६ यांची सरळ बेरीज करून १२/३६ लिहितात, कारण (६, ६) ही जोडी दोनदा मोजली गेल्याचे त्यांच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी उलट बाजूने जाणे मला अधिक सुरक्षित वाटते: एकाही फाशावर ६ नसलेल्या २५ जोड्या ३६ मधून वजा कराव्यात.