पटाशीचं पाणी

रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीतून घुर्रघुर्र असा एक आवाज सुरू होतो, फार मोठा नाही, जुना टेबलफॅन कुरकुरतो तेवढाच, आणि आतून बायको मुलीला सांगते, "बाबा बसला दळायला." आता दळण वगैरे काही नसतं, मी पटाशीला, म्हणजे सुताराच्या लाकूड कोरायच्या हत्याराला, धार लावत असतो, पण तिचंही अगदीच चुकत नाही म्हणा, कारण माझं मशीन म्हणजे उभं करून ठेवलेलं जातंच आहे. अडीचशे मिलीमीटरचा म्हणजे जवळपास दहा इंची दगड, खाली त्याला चिकटून पाण्याची छोटी टाकी, दगडाचं बूड त्या पाण्यात, आणि तो मिनिटाला ९० फेरे मारत पाणी सोबत वर घेऊन येतो. बास, एवढंच. टॉर्मेक नावाच्या स्वीडिश कंपनीने १९७३ पासून हा प्रकार सुतारकामवाल्या लोकांत रुजवला, माझं त्याच धर्तीचं पण खिशाला झेपेल असं. पहिल्यांदा टाकीत पाणी ओतलं तर दोन मिनिटांत गायब, परत ओतलं, परत गायब, मला वाटलं टाकी फुटकी निघाली, मशीन उचलून खाली लादी चाचपून झाली. मग कळलं की दगडच पाणी पितोय. कोरडा असतो ना, पोट भरेपर्यंत पिणारच.

हे मशीन आलं एका पटाशीच्या अपराधी भावनेतून. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेल्या पाना-पक्कडींच्या ढिगात एक इंची पटाशी मिळाली, मूठ नव्हती, पण घासल्यावर पात्यावर 'शेफील्ड', म्हणजे इंग्लंडमधलं पोलादाचं नावाजलेलं शहर, आणि 'कास्ट स्टील' अशी अक्षरं दिसायला लागली. साठ सांगितले, चाळीसला दिली. मी घरी येईपर्यंत हवेत. धार मात्र पार बोथट होती आणि एका कोपऱ्याला टवका, म्हणून मित्राच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर गेलो आणि तिथल्या साध्या बेंच ग्राइंडरवर ती लावली. ठिणग्या काय सुंदर उडतात हो! त्या बघण्यात माझं पात्याकडे लक्षच नाही, आणि नजर गेली तेव्हा टोकाला आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि शेवटी मोरपंखी निळा रंग चढला होता. मी आपला खूश, की काय मस्त रंग आलाय. पाण्याच्या मगात बुडवली, चुर्र झालं, घरी आणली. पुढच्या आठवड्यात सागवानात चार घाव घातले तर धार मुडपली, पत्र्यासारखी.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर किचनचं काम चालू होतं, साताऱ्याकडचे एक सुतारमामा यायचे. त्यांना दाखवली. त्यांनी उजेडात धरून बघितली, अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "पाणी उतारलंय हिचं. आता लोणी कापा."

पाणी उतरलंय! मला शब्द माहीत होता, पण तो असा हातात धरून कुणी दाखवला नव्हता. आपल्याकडे पोलाद कडक करतात त्याला पाणी देणं म्हणतात, लालबुंद तापवून पाण्यात नाहीतर तेलात बुडवायचं, मग ते काचेसारखं ठिसूळ होतं म्हणून पुन्हा साधारण दोनशे अंशाच्या आसपास तापवून जरा मऊ आणायचं. पुढे तेच पातं त्याच्यापेक्षा जास्त तापलं की दिलेलं पाणी निघून जातं. निळा रंग म्हणजे तीनशेच्या आसपास पोचलात, खेळ खल्लास. वरून मगात बुडवून काही परत येत नाही. आणि धार म्हणजे मुळात केसाएवढं पातळ लोखंड, तिथली उष्णता पळून जाणार कुठे, जागाच नसते तिला. म्हणजे पात्याचं पाणी राखायला पुन्हा पाणीच लागतं, पण ते आधीपासून वाहतं असलं पाहिजे, ही एवढी साधी गोष्ट मला चाळीस रुपयांत आणि एका पटाशीच्या बदल्यात कळली.

हिशेब करून बघितला एकदा. सहा इंची बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे दगडाची कड ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळते, हायवेवरची गाडी. माझ्या दगडाची कड ताशी सव्वाचार किलोमीटर. म्हणजे माझे वडील सकाळी फिरायला जातात तो स्पीड, आणि तेही वाटेत कुणी भेटलं नाही तर. त्यामुळे पाणी उडून न जाता दगडावरच राहतं, आणि ते नुसतं गारच ठेवत नाही, घासून निघालेला चुरा पण वाहून नेतं, टाकीत करडा चिखल साचतो आणि थोडं पाणी पात्यावरून ओघळून टेबलावर, टेबलावरून माझ्या मांडीवर. फडकं घेऊन बसावं लागतं.

पण वडिलांच्या चालीने निळा भाग घासून काढायचा म्हणजे काय ते विचारू नका. सहा मिलीमीटर होता. तीन रविवार लागले.

आणि हातात धरून नाही लावायची हं, पटाशी जिगमध्ये, म्हणजे पातं ठरावीक कोनात धरून ठेवणाऱ्या पकडीत, आवळायची, जिग मशीनच्या आडव्या दांडीवर टेकवायचा. कोन जुळला की नाही ते बघायला पटाशीच्या उतारावर काळ्या मार्करने रंगवायचं, मशीन बंद ठेवून दगड हाताने अर्धा फेरा फिरवायचा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघायचं. वरच पुसली तर कोन उतरता, टोकालाच पुसली तर उभा, पूर्ण उतारावर एकसारखा ओरखडा आला की जमलं. मला हे मार्करचं काम मनापासून आवडतं, खरं सांगायचं तर धार लावण्यापेक्षा जास्त. मग दगड दुसऱ्या एका दगडाने घासून २२० ग्रिटचा १००० ग्रिट, म्हणजे खरखरीतचा गुळगुळीत, करायचा, मग बोटाला पाठीमागे बारीक कुसळासारखी कड लागते ती दुसऱ्या बाजूच्या चामड्याच्या चाकावर पेस्ट लावून काढायची, न्हावी पट्ट्यावर वस्तरा फिरवायचे तसं. इथे एकच नियम, चाक धारेपासून लांब पळत असलं पाहिजे. मी एकदा उलट्या बाजूने धरली आणि ती सरळ चामड्यात रुतली. तो काप अजून आहे, दर फेऱ्याला टक् असा वाजतो.

मामांना हे सगळं मोठ्या उत्साहाने दाखवलं. ते दहा मिनिटं शांत उभे, मी अजून मार्करच पुसतोय. शेवटी म्हणाले, "दादा, आन् काम कधी करता?" मग पिशवीतून त्यांचा कार्बोरंडमचा दगड काढला, मध्ये वापरून वापरून होडीसारखा खोलगट झालेला, दोन थेंब रॉकेल, त्यांची पटाशी दोन मिनिटं फिरवली, तळव्यावर चार वेळा फटके मारले, आणि मनगटावरचे केस साफ. त्यांचा जिग त्यांच्या मनगटात बसवलेला आहे. माझ्या मनगटात कीबोर्ड आहे, म्हणून मला मशीन लागतं, यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. म्हणजे थोडं वाटतं.

मध्ये बिल्डिंगमध्ये बातमी फुटली. आधी सुऱ्या आल्या, मग विळी, तिचं पातं वाकडं, जिगमध्ये बसेना, ती हाताने धरून लावली. मग एक काकू अडकित्ता घेऊन आल्या, सासूबाईंचा होता म्हणाल्या, आणि चहा होईपर्यंत तिथेच बसल्या. कात्र्यांना मी नाही म्हणतो, त्यावरून दोन घरांत नाराजी आहे. आणि ज्या स्टुलासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला त्याचे तीन पाय तयार आहेत, चौथ्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

किचनचं काम संपायच्या आदल्या दिवशी मामा बेल वाजवून आत आले. हातात रंध्याचं पातं. जुन्या चौकटीत मोडलेला खिळा राहिला होता, त्यावर रंधा गेला आणि धारेत ज्वारीच्या दाण्याएवढी खाच. दगडावर घासत बसलं तर अर्धी सकाळ गेली असती. "लावा जरा तुमच्या जात्यावर," म्हणाले, म्हणजे बायकोचं बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेलं होतं. मी पातं जिगमध्ये आवळलं, मार्कर मात्र मुद्दाम लपवून ठेवला, आणि आम्ही दोघं चहा घेत बसलो. पाणी पात्यावर चढत होतं, कडेने ओघळत होतं, खाच तसूतसूने लहान होत होती. अर्धा कप झाल्यावर मामांनी पुढे वाकून पात्याच्या टोकाजवळ, धारेच्या अगदी लगत, बोट टेकवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

"गार हाय की," म्हणाले, आणि कप पुढे केला.