घटस्फोट आणि सामाईक गृहकर्ज: हप्ता थांबवण्याआधी

घटस्फोटाचा अर्ज कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला म्हणून बँकेच्या कर्जखात्यात काही बदलत नाही. कर्ज दोघांनी घेतलंय, तर थकलेली सगळी रक्कम बँक दोघांपैकी कोणाकडेही मागू शकते. ‘माझा निम्मा मी भरला’ हे तिथे चालत नाही. कर्ज नवऱ्याने फेडावं असा आदेश न्यायालयाने दिला, तरी तो त्या दोघांमधला. बँक त्या दाव्यात पक्षकारच नसते.

आधी बँकेचं मंजुरीपत्र आणि सूची क्रमांक २ (घराच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकात कर्जदार कोण ते कळतं, दुसऱ्यात मालक कोण. पुष्कळदा बायकोचा पगार धरून कर्जाची रक्कम वाढवलेली असते आणि फ्लॅट मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर असतो. म्हणजे देणं आहे, मालकी नाही. लग्नानंतर घेतलेलं घर आपल्या कायद्यात आपोआप निम्मं-निम्मं होत नाही. अशा वेळी तिच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांचे खातेउतारे शिक्क्यासह काढून ठेवावेत.

आता हप्ते काही महिने पुढे ढकलायच्या सवलतीचं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट सरसकट सवलत मिळाली होती, त्यामुळे तो आपला हक्कच आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आता अर्जावर बँक ठरवते, दोन्ही कर्जदारांच्या सह्या मागते आणि पुनर्रचना झाली तर तशी नोंद दोघांच्या सिबिल अहवालात येते.

शिवाय ती स्वस्तही नाही. समजा बाकी ३० लाख, व्याज ९ टक्के, उरलेली मुदत २० वर्षं. हप्ता साधारण २६,९९२ रुपये, त्यात पहिल्या महिन्याचं व्याजच २२,५००. परवानगी घेऊन तीन महिने काहीच भरलं नाही, तर बाकी ३०,६८,००८ होते. पुढे हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २५६ हप्ते भरावे लागतात. जादा सोळा हप्ते, म्हणजे सव्वाचार लाखांच्या वर. त्यापेक्षा फक्त व्याज भरायची मुभा मागा; बाकी फुगत नाही. पण वरच्या उदाहरणात त्यातून महिन्याला जेमतेम साडेचार हजार सुटतात. वेगळ्या बिऱ्हाडाचं भाडं त्यातून निघणार नसेल, तर फ्लॅट विकायचा विषय आत्ताच काढलेला बरा.

परवानगीशिवाय हप्ता थांबवणं हा सगळ्यात महागडा राग. खात्यात पैसे न ठेवल्यामुळे हप्ता आपोआप कापणारा नॅच (NACH) आदेश परत गेला, तर दंड पडतोच, पण २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज ठरतं. मग न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा. सहकारी बँकेचं कर्ज आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सरफेसी सहकारी बँकांनाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं, तेही कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो आणि जामीनदार मेहुणा किंवा चुलता असेल, तर भांडण त्याच्याही दारात जातं.

एकाने घर ठेवायचं ठरलं, तर दुसऱ्याचं नाव कर्जातून काढावं लागतं. हे नुसत्या अर्जावर होत नाही. बँक एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज नव्याने तोलते. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत बसावा लागतो. बसत नसेल तर आई-वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून घ्या, नाहीतर कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर न्या. व्याजदर बदलता असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. जामीनदारांच्या सह्या पुन्हा लागतात, त्यांना आधी सांगा.

मालकी फिरवायची तर तारीख बघा. राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण त्या दिवशी दोघं कायद्याने नवरा-बायको असायला हवेत. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर जाल, तर हिश्श्याच्या बाजारमूल्यावर शुल्क बसेल. हिश्श्यापोटी पैसे घेणार असाल, तर ते बक्षीस ठरत नाही. आणि घर तारण असेपर्यंत बँकेची लेखी संमती लागतेच. नंतर सोसायटीचा भागदाखला, वीजबिल आणि महापालिकेचा घरफाळा यांवरची नावंही बदलून घ्या.

परस्परसंमतीच्या अर्जात ‘कर्ज पती फेडतील’ एवढं एकच वाक्य बऱ्याचदा दिसतं. ते अपुरं आहे. निदान एवढं तरी लिहा: ‘अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यात अमुक तारखेस इतकी बाकी आहे. पुढील हप्ते अर्जदार क्र. १ आपल्या खात्यातून भरतील आणि ९० दिवसांत अर्जदार क्र. २ यांचे नाव बँकेकडून लेखी कमी करून घेतील. तसे न झाल्यास फ्लॅट विकून आधी कर्ज फेडले जाईल आणि उरलेली रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटली जाईल. अर्जदार क्र. २ यांना कर्जापोटी काही भरावे लागल्यास ते अर्जदार क्र. १ परत देतील.’ सही करण्याआधी बँकेकडून बाकीचा दाखला आणि नाव कमी करण्याची तत्त्वतः मंजुरी लेखी घ्या. बँकेने नंतर नकार दिला तर सगळा मजकूर कागदावरच राहतो.

कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ दस्त ३० दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मात्र दस्त घेताना बहुतेक शाखा दोन्ही कर्जदारांना सहीला बोलावतात. दहा वर्षांनी ती सही कोण कुठून आणणार? म्हणून दस्त कोणी एकट्याने स्वीकारायचे तेही अर्जातच लिहा आणि त्याची प्रत शाखेत पोचपावतीसह द्या.